घडीचा सौर पॅनल : पाठीवर कोणी घ्यावा, छपरावर काय असावे

(सातपुड्यातील आरोग्य व शिक्षण कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या दुपारी आपल्यापुढे एक ठराव येणार आहे. शहरातल्या एका मंडळीने आपल्या कामासाठी घडीचे सौर पॅनल देऊ केले आहेत. एक-दोन नव्हे, चाळीस. विजेचा खांब न पोहोचलेल्या चाळीस घरांना एकेक द्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. हा पैसा रविवारच्या अर्पणातून थोडा थोडा साठवलेला आहे. म्हणूनच गेल्या वर्षी आपण त्यांना विनंती केली की, आधी एकच पाठवा, आम्ही तो वर्षभर वापरून पाहतो आणि मग बोलतो. त्यांनी ते आनंदाने मानले. तपासणीचे काम माझ्याकडे आले. जानेवारीत सुरुवात केली, डिसेंबरात वही बंद केली. त्या वहीतला हिशेब आज तुमच्यापुढे ठेवते.

काय निघाले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे आकडे ऐकताना तुम्हाला धागा सापडेल. घडीचा पॅनल ही चांगली वस्तू आहे. पण ती चालणाऱ्या माणसाची वस्तू आहे, उभ्या घराची नाही. ज्याला रोज उठून दुसरीकडे जायचे आहे त्याच्या पाठीवर ती शोभते. जे घर बारा महिने एकाच टेकडीवर आहे, त्याच्या छपरावर दुसरे काहीतरी पाहिजे.

आपल्याकडचा अंधार

बाहेरून येणारे पाहुणे नेहमी विचारतात, इतक्या वर्षांत वीज कशी आली नाही? आपल्याला उत्तर माहीत आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडची घरे देशावरच्या गावासारखी एकाला एक लागून नसतात. ज्याचे शेत जिथे, तिथे त्याचे घर. एक घर या टेकडीवर, दुसरे समोरच्या उतारावर, मध्ये नाला. दहा घरांना वीज द्यायची तर तारा दहा दिशांना ओढाव्या लागतात. खांब एका मोठ्या पाड्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. आला तरी पावसाळ्यात एक झाड पडले की आठ-आठ दिवस तार जमिनीवर.

सौर दिवेही आपल्याला नवे नाहीत. २०१७ साली केंद्र सरकारची सौभाग्य योजना आली. तिच्यात जिथे तार नेणे शक्य नाही, अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक जोडणी आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. योजना विचारपूर्वक आखलेली होती. पण पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न घरातल्या माणसाकडेच राहतो. अशा संचात आधी जाते ती बॅटरी. छपरावरची काच अजून ऊन खात असते आणि खाली घरात मात्र चिमणी पेटलेली असते. आता रेशनचे रॉकेलही मिळेनासे झाले, म्हणून चिमणीसुद्धा जपून पेटते.

बिलगावची गोष्ट इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तिथल्या धबधब्यावर २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांनी मदत केली, पण घाम पाड्याचा होता. पुढे पुराच्या आणि धरणाच्या पाण्यात तो गेला. तरी त्या काळातली माणसे अजून सांगतात की, यंत्र बंद पडले तर पाना घेऊन आपलेच पोर उतरायचे. माझ्या मते वस्तू टिकण्याची खरी अट तीच आहे. ती दुरुस्त करणारा हात पाड्यात पाहिजे.

खोक्यावरचे साठ वॅट

आता पॅनलकडे येऊ. चार घड्यांचा, जाड कापडात शिवलेला, मिटवला की शाळेच्या दप्तराएवढा. वजन अडीच किलोच्या आत. मागच्या बाजूला एक छोटी डबी, तिच्यात फोनची वायर लावायला दोन खाचा आणि बॅटरीच्या पेटीसाठी एक गोल जोडणी. खोक्यावर लिहिले होते, ६० वॅट.

हे साठ खोटे नाहीत, पण ते कारखान्यातले साठ आहेत. पॅनल तपासताना त्यावर ठरलेला प्रखर उजेड टाकतात आणि पॅनलच्या काळ्या पट्ट्यांचे, म्हणजे सेलचे, तापमान २५ अंश ठेवतात. आपल्या मे महिन्यात पॅनल कधी २५ अंशांवर असतो का? मी दुपारी पाठीमागे तापमापी लावली, ६५ अंश दाखवले. सिलिकॉनच्या सेलचा स्वभाव असा की, तापला की ताकद कमी होते. दर अंशामागे साधारण शेकडा ०.४. चाळीस अंश जास्त म्हणजे सोळा टक्के तिथेच गेले. उन्हाळ्यात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही.

माझ्या वहीतले आकडे असे. जानेवारीत, स्वच्छ आकाश, भर दुपार, पॅनल नीट सूर्याकडे तोंड करून : ४६ वॅट. त्याच वेळी तोच पॅनल जमिनीवर सपाट पसरला : ३४ वॅट. मे महिन्यात दुपारी : ४३ वॅट. म्हणजे आपल्यासाठी साठाचा पॅनल हा पंचेचाळिसाचा पॅनल आहे. हे धरूनच पुढचा हिशेब करायचा.

जानेवारीत सपाट ठेवला की इतका फरक का पडतो, हे समजून घ्या, कारण यात पैसा लागत नाही. थंडीत सूर्य आपल्याकडे डोक्यावर येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेकडे, निम्म्या उंचीवरच असतो. म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, भिंतीला किंवा दगडाला टेकवून निम्मा उभा करायचा. मे-जूनमध्ये तोच पॅनल जवळजवळ आडवा चालतो. अंश मोजायची गरज नाही. एक सरळ काडी पॅनलवर काटकोनात उभी धरा. काडीची सावली पडते आहे ना? पॅनल हळूहळू फिरवा. सावली काडीच्या बुडाशी नाहीशी झाली की पॅनल बरोबर सूर्यासमोर आला. आमच्या तिसरीतल्या मुलींना ही युक्ती एकदाच दाखवली. नंतर त्याच मला ओरडून सांगायच्या, “ताई, सावली आली, फिरव!”

दिवसातून तीनदा तोंड फिरवले तर जानेवारीत साधारण २४० वॅट-तास मिळाले. सकाळी लावला आणि संध्याकाळीच उचलला, तर १८० च्या आसपास. आपल्या दरीत सूर्य उशिरा डोंगरावर येतो आणि लवकर मावळतो, म्हणून सपाटीवरच्या गावापेक्षा हा आकडा थोडा कमीच.

दुसरी गोष्ट सावलीची. सागाचे एकच पान एका घडीवर ठेवले आणि ४५ वॅटचे ८ झाले. पाव भाग झाकला तर पावच वीज जाईल, असे कोणालाही वाटेल. पण या पॅनलच्या चारही घड्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. पाइपला एका ठिकाणी पाय दिला की सगळे पाणी अडते, तसेच इथे होते. अंगणातल्या दोरीवरच्या लुगड्याची सावलीसुद्धा चालत नाही.

दिवसाची कमाई रात्रीपर्यंत कशी न्यायची

पॅनल दिवसा वीज देतो, दिवा रात्री लागतो. मधला पूल म्हणजे बॅटरी. दहा कुमारींचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. दिवे दहाही जणींकडे होते. फरक होता तो बरोबर घेतलेल्या तेलाचा. देणगी देणाऱ्याला पॅनल दिसतो, कारण तो चमकतो. तेलाची कुपी म्हणजे बॅटरी, आणि ती यादीत शेवटी येते. देऊ केलेल्या चाळीस पॅनलबरोबर एकही बॅटरी नाही, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. ही नजरचूक भल्या मनाने झालेली आहे आणि आपण कळवले तर ते ऐकतील.

पॅनलला थेट फोन लावून पाहिला. ऊन स्थिर असेल तर ठीक. एक ढग सरकला की चार्जिंग तुटते आणि ऊन परत आले तरी पुष्कळ वेळा फोन पहिल्या वेगाने वीज घेत नाही. त्यातून लोक फोन पॅनलशेजारी उन्हातच ठेवतात. फोनची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. तापला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, आणि रोज तसा तापवला तर बॅटरीचे आयुष्य कमी होते. म्हणून नियम असा : पॅनल उन्हात, बाकी सगळे सावलीत. दिवसा पॅनलने पॉवर बँक भरायची आणि रात्री पॉवर बँकेने फोन.

पॉवर बँकेवरच्या आकड्याचाही असाच भ्रम आहे. २०,००० लिहिलेले असते, फोनवर ५,००० लिहिलेले असते, म्हणून चार फोन भरतील असे वाटते. भरतात जेमतेम तीन. २०,००० म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास. त्यातला काही भाग वीज इकडून तिकडे नेण्यातच उष्णता होऊन जातो. बाजारात यापेक्षा स्वस्त आणि दुप्पट आकड्याच्या पॉवर बँका मिळतात. त्या घेऊ नका. बीआयएसच्या नोंदणीची खूण असलेलीच घ्या. लिथियमची भेसळीची बॅटरी गवताच्या आणि कुडाच्या घरात ठेवणे म्हणजे उशाशी निखारा ठेवणे.

झडीचे दिवस

जानेवारीचे आकडे ऐकून तुमच्या चेहऱ्यावर समाधान आले. आता जुलै ऐका.

झड लागलेली असताना भर दुपारी पॅनलवर ५ ते ६ वॅट दिसले. मध्येच उघडीप मिळाली तर २५-३०. एका आठवड्यात सूर्याने तोंडच दाखवले नाही. त्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी दिवसभरात मिळून ३० वॅट-तास मिळाले. त्यात काय होते? तीन वॅटचा एक दिवा चार तास आणि निम्मा फोन. त्यासाठीही पॅनल बाहेर ठेवायला हवा आणि त्याची मागची डबी पावसात भिजायला नको. कापडावर शिंतोडे चालतात, पण डबीत पाणी गेले की संपले. माझ्यासोबतच्या मुलींनी डबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि दर सरीला धावत जाऊन पॅनल आत आणला. चार दिवस हे हौसेने होते. लावणीच्या दिवसांत घरातली बाई शेतात असते. तेव्हा पॅनल मांडायला आणि उचलायला घरात असते कोण?

आणि उजेडाची खरी गरज कधी असते, ते तुम्हीच मला शिकवले आहे. साप निघतात ते याच दिवसांत. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचे दुखणेही फारसे नसते. सकाळी लक्षात येते तोवर उशीर झालेला असतो. जुलाब, ताप, हिवताप याच दिवसांचे. रस्ता वाहून जातो तो याच दिवसांत, आणि अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून न्यावे लागते तेही याच दिवसांत. १०८ ला फोन करायचा तर रेंजच्या टेकडीवर चढावे लागते, आणि वर चढल्यावर फोन बंद असेल तर चढण्याचा उपयोग काय?

एका आजीला मी विचारले, “घरात एकच दिवा मिळाला तर कुठे लावशील?” मला वाटले होते, नातवंडांच्या अभ्यासाजवळ म्हणेल. ती म्हणाली, “दाराबाहेर. पाय कुठे पडतो ते दिसू दे आधी. पोर शिकेल मग.” हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, उभ्या घरासाठी वीज मोजायची ती जुलैची मोजावी. जानेवारीत सगळेच पॅनल पास होतात.

फडावरची परीक्षा

आता या पॅनलची चांगली बाजू सांगते, आणि ती फार चांगली आहे.

दिवाळी झाली की आपल्या पाड्यांतली किती कुटुंबे ऊसतोडीला जातात, हे मी सांगायला नको. गुजरातेत जातात, इकडच्या कारखान्यांवरही जातात. पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणे. कोपीला कोण वीज देणार? पहाटे अंधारात तोडणी सुरू, रात्री-बेरात्री गाडी भरणे. फोन चार्ज करायचा तर दुकानात पाच-दहा रुपये मोजायचे आणि तास-दोन तास तिथे बसायचे. आजारी मूल कोपीत आणि आई-बाप फडात, अशा वेळी मागे राहिलेल्या मोठ्या बहिणीच्या हातातला फोन चालू असणे किती मोलाचे आहे, ते जाऊन आलेल्यांना विचारा.

या नोव्हेंबरात पॅनल आणि एक पॉवर बँक मी एका टोळीबरोबर महिनाभर पाठवली. तिथे त्याने माझ्या वहीतले सगळे डाग पुसून टाकले. फड म्हणजे मोकळे रान, सावली नाही. थंडीचे ऊन स्वच्छ आणि हवा गार, म्हणजे पॅनल तापत नाही. टोळी दुसऱ्या फडावर निघाली की पॅनल मिटवून गाठोड्यात. त्यांनी तो कोपीच्या उतरत्या बाजूवर दक्षिणेकडे टाकला, कोणी शिकवले नव्हते. चार कुटुंबांचे चार फोन आलटून पालटून भरले आणि दोन कोप्यांत रात्री दिवा राहिला. पाचट जाळल्यावर उडणारी काजळी पॅनलवर बसते, ती ओल्या फडक्याने पुसावी लागते, एवढीच तक्रार आली. एका बाईने भांडी घासतात तसा तो राखेने घासायला घेतला होता. शेजारणीने वेळीच थांबवले. राखेने वरचा पापुद्रा खरवडतो, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

पाहा, हिशेब कसा जुळतो. ऊसतोडीचा हंगाम आणि या पॅनलचा हंगाम एकच आहे. पावसाळा लागला की कुटुंब घरी येते आणि पॅनलची ताकदही तेव्हाच संपते. म्हणून तो कुटुंबाच्या गाठोड्यात जावा, आणि घरी परतल्यावर छपरावर दुसरे काहीतरी वाट पाहत असावे.

आशाताईंचेही तसेच. लसीकरणाच्या दिवशी, घरभेटीत, शिबिरात त्या पाड्यापाड्यांतून फिरतात. त्यांच्या फोनवरच नोंदी, त्याच फोनवर १०८. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. घरी रेंज नसेल तर रात्री फोन फ्लाइट मोडवर ठेवा, निम्मी चिंता तिथेच मिटेल. उरलेली निम्मी या पॅनलने मिटते.

काय चालते, काय चालत नाही

चालते ते असे : फोन, तीन वॅटचे दिवे, डोक्याला बांधायची बॅटरी, छोटा रेडिओ, जाळीचा छोटा नेब्युलायझर. चालत नाही ते असे : लसीचा फ्रिज, ऑक्सिजन देणारे यंत्र, पंप, मिक्सर, टीव्ही.

लसीच्या फ्रिजबद्दल दोन शब्द, कारण त्याची आशा काही जणांनी बोलून दाखवली. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात, रात्रंदिवस. त्यासाठी वेगळे सौर फ्रिज असतात. ते दिवसा आत बर्फ साठवून रात्र काढतात आणि त्यांना छपरावर पक्के बसवलेले मोठे पॅनल लागतात. घडीच्या पॅनलवर असा प्रयोग कोणीही करू नये. लस गरम होऊन खराब झाली तर बाटलीकडे पाहून नेहमी कळतेच असे नाही, आणि बाळाला टोचल्याचे समाधान मात्र आपल्याला मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात लस येते, तीच पद्धत पाळावी.

टिकाऊपणाचेही सांगते. सातव्या महिन्यात घडीच्या शिवणीतली तार सैल झाली. पॅनल हलवला की वॅट पडायचे. धडगावच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका भावाने कापड उसवून झाळ लावून दिली, तेव्हा चालू झाला. रोज उघडायची आणि मिटायची वस्तू घडीवरच झिजणार, यात नवल नाही. काचेचा साधा पॅनल एकदा घट्ट बसवला, माकडे आणि वादळ यांच्यापासून जपला, तर वीस-पंचवीस वर्षे काम देतो. घडीच्या एका पॅनलच्या किमतीत तेवढ्याच वॅटचे काचेचे दोन तरी येतात.

माझी शिफारस

हे सगळे पाहून उद्याच्या ठरावात मी चार गोष्टी सुचवणार आहे.

पहिली. चाळीसऐवजी बारा घडीचे पॅनल घ्यावेत. हे बारा घरांना द्यायचे नाहीत. दिवाळी ते होळी ते ऊसतोडीच्या टोळ्यांना द्यावेत, आणि टोळी परतल्यावर फिरत्या आरोग्यसेविकांना. प्रत्येकाबरोबर एक चांगली पॉवर बँक आणि दोन दिवे. पॅनल कोणाकडे आहे त्याची वही पाड्यातल्या बचत गटाने ठेवावी.

दुसरी. उरलेल्या पैशात उभ्या घरांसाठी १०० वॅटचे काचेचे पॅनल घ्यावेत आणि प्रत्येकी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी. हिशेब सोपा आहे. दोनांचा गुणाकार २५६ वॅट-तास. दोन दिवे चार तास आणि एक फोन यांना रोज ५० च्या आसपास लागतात. म्हणजे सूर्य अजिबात नसला तरी चार दिवस निघतात. आणि झडीच्या वाईट दिवशीही एवढा पॅनल ५० च्या जवळपास आणतोच. जुलैची परीक्षा पास होते. अशाने घरे चाळीस होणार नाहीत, कमी होतील. कोणती घरे आधी, हे आपण इथे बसून ठरवू नये. जिथे गरोदर बाई आहे, जिथे एकटे म्हातारे आहे, जे घर वाटेपासून सगळ्यात दूर आहे, ती नावे पाड्याच्या बैठकीत पाड्यानेच सांगावीत.

तिसरी. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा खर्चच करायचा नाही. तो पाचव्या-सहाव्या वर्षीच्या बॅटऱ्यांसाठी, तारांसाठी, फ्यूजसाठी बँकेत ठेवायचा. घरांनीही महिन्याला थोडी रक्कम घालावी. पूर्वी रॉकेलला आणि फोन भरायला जात होती तेवढीच.

चौथी. दर पाड्यातल्या दोन मुलींना किंवा सुनांना दुरुस्ती शिकवावी. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकांना सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. शिकण्याच्या आड अक्षरे आली नाहीत. आपल्या मुली तर सावली पाहून पॅनल फिरवायला एका दिवसात शिकल्या.

देणाऱ्यांना काय सांगायचे

काही जणांनी मला काळजीने विचारले, “ताई, देणगीदार रागावले तर? चाळीस घरांसमोर चाळीस पॅनल उघडलेला फोटो त्यांना हवा असेल.” असेलही. त्यात वाईट काही नाही. आपण दिले ते पोहोचले, हे डोळ्यांनी पाहावेसे कोणालाही वाटते. पण फोटो काढला जातो तो जानेवारीच्या उन्हात, आणि आजीच्या दाराबाहेर उजेड लागतो तो जुलैच्या रात्री. त्या रात्री तिथे फोटो काढायला कोणी येणार नाही. म्हणूनच आपण ते त्यांना पत्रातून सांगितले पाहिजे. आकडे लिहून, वहीच्या पानांसकट. ज्यांनी वर्षभर थांबून एक पॅनल तपासू दिला, ते हेही समजून घेतील, असा मला विश्वास आहे.

दान नाकारायचे नाही. ते जिथे टिकेल तिथे लावायचे आहे. दिलेली वस्तू तीन वर्षांनी पोटमाळ्यावर धूळ खात पडली, तर देणाऱ्याचे अर्पण वाया जाते आणि घेणाऱ्याचा विश्वासही जातो. पुढच्या वेळी आपण खरोखर उपयोगी काही घेऊन गेलो, तरी लोक म्हणतील, ठेवा तिकडे कोपऱ्यात.

वही मी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. पॅनलही तिथेच आहे. जेवणाच्या सुट्टीत उघडून पाहा, काडी धरून सावली घालवून पाहा. ऊसतोडीला जाऊन आलेल्यांनी आणि आशाताईंनी आपापले म्हणणे वहीच्या मागच्या पानांवर लिहावे. लिहिता येत नसेल तर शेजारच्या मुलीला सांगावे. उद्या मत देण्याआधी ती पाने मोठ्याने वाचली जातील.

प्रभू आपल्या पाड्यांना उजेड देवो, आणि तो जपण्याची अक्कल आपल्याला देवो.